फोटोत नसलेला नवरा

पेन्शनच्या अर्जावर चिकटवायचा फोटो काढायला जगातल्या कुठल्याही फोटोवाल्याला दीड मिनिट पुरतं. हलूनकाला त्या दुपारी एक तास वीस मिनिटं लागली. तेवढ्या वेळात बाहेर बाकावर बसलेल्या तीन गिऱ्हाइकांपैकी एकाला झोप लागली, दुसरा घरी जाऊन जेवून परत आला आणि तिसऱ्याचे दोन केस पिकले, असं गल्लीत आजही छातीठोकपणे सांगतात.

हलूनकाला आईबापांनी ठेवलेलं एक बरं नाव होतं, पण ते विजेच्या बिलाखेरीज कुठे वापरात नव्हतं. "हलू नका!" असं तो दिवसातून इतक्यांदा ओरडायचा की लोकांनी तेच त्याचं नाव करून टाकलं. स्टुडिओ म्हणजे एक खोली. मागे पडद्यावर रंगवलेलं तळं, तळ्यात एक हंस, आणि हंसाचा डोळा पोरांनी बोट घालून घालून पुसलेला. समोर गोल फिरणारं स्टूल, दोन बाजूंना छत्र्या लावलेले दिवे, भिंतीवर आरसा आणि आरशाला साखळीने बांधलेला कंगवा. साखळी अशासाठी, की माणसं फोटो विसरून जात पण कंगवा घेऊन जात.

त्या दुपारी स्टुलावर बसली होती ती पोस्टातल्या काउंटरवरची बाई. नवरा जाऊन आठ महिने झालेले. मांडीला चिकटून पाच वर्षांची मुलगी.

"जरा हसा," हलूनका सवयीने म्हणाला.

"विधवा पेन्शनचा अर्ज आहे हा. हसले तर देतील का ते?"

"मग नका हसू."

"आता तुम्ही म्हणालात म्हणून येतंय. थांबा जरा."

हलूनका थांबला. मग त्याने दिवा हलवला. मग हलवलेला दिवा जागेवर आणला. मग बाईंची मान डावीकडे, मग उजवीकडे, मग होती तिथेच. अकरा वेळा बटण दाबलं. बाराव्या वेळी त्याच्या लक्षात आलं की कॅमेऱ्यात रोलच नाही. हजारभर लग्नं काढलेला माणूस! घामाघूम होऊन त्याने मुलीकडे तोंड फिरवलं.

"गोळी खाणार?"

"नाही."

"स्टुलावर फिरणार?"

"नाही."

"नाव काय तुझं?"

"नाही. काका, तुमचा डावा दिवा लागत नाहीये."

खरंच लागत नव्हता. त्या क्षणापासून मुलीचं नाव पडलं निगेटिव्ह, आणि तो तिचा काका झाला. दोन्ही नावं जन्माची चिकटली. पुढे यातलं एक नाव कुणाच्या मुळावर येईल हे तेव्हा ना तिला ठाऊक, ना त्याला.

फोटो निघाला. त्यात बाईंच्या ओठाच्या एका कोपऱ्यात हसू अडकून राहिलेलं होतं. पेन्शन मंजूर झाली. दीड वर्षाने बंदही झाली, कारण बाईंनी हलूनकाशी लग्न केलं.

लग्नाचा किस्सा त्याहून कहर. लग्न नोंदणी कार्यालयात, मोजून चाळीस माणसं. फोटो काढणार कोण? "माझी किडनी मागा, कापून देतो," हलूनका म्हणाला, "पण माझ्या कॅमेऱ्याला दुसऱ्याचा हात लागलेला मला खपणार नाही." म्हणजे नवरदेव स्वतःच फोटोवाला. त्याने शेजारच्या छापखानेवाल्याला, म्हणजे आपल्या लंगोटीयाराला, बाईंच्या शेजारी उभं केलं. "तू नुसता उभा राहा रे. मी उजेड बघून घेतो, मग तू बाजूला हो, मी येतो." आणि हा पठ्ठ्या उजेड बघत राहिला तो संध्याकाळपर्यंत. बघताना बटण दाबायचा राहिला नाही, एवढंच. अल्बममध्ये सतरा फोटो. सतराही फोटोंत नवरी आणि छापखानेवाला. छापखानेवाला दिसायलाही चांगला आलेला. त्याच्या बायकोने अल्बम पाहून दोन दिवस अबोला धरला.

पण संसार झाला, आणि नेटका झाला. बाई सकाळी पोस्टात जायच्या, हातावर शाई घेऊन यायच्या. हलूनका निगेटिव्हची वेणी घालायचा, आणि घालून झाल्यावर चार पावलं मागे जाऊन एक डोळा मिटून ती सरळ आहे का बघायचा. तिचा पडलेला प्रत्येक दात, फुटलेला गुडघा, शाळेचा पहिला दिवस, नाटकातलं झाड, सगळं त्याने टिपलं. बाई भाजी निवडताना, बाई चष्मा शोधताना, बाई "पुरे आता!" म्हणून हात उगारताना. चार ट्रंका भरल्या. चारही ट्रंकांत हलूनका नव्हता. तो नेहमी तिथेच असायचा, कॅमेऱ्याच्या मागे, चार पावलांवर.

अपवाद फक्त एका फोटोचा. तलावाच्या बांधावर दोघी उभ्या आहेत, ऊन हलूनकाच्या पाठीमागून येतंय, आणि त्याची लांबलचक सावली जमिनीवरून थेट निगेटिव्हच्या बुटांपर्यंत पोचलेली. कॅमेरा धरल्यामुळे दोन कोपरं बाहेर, रांजणाला कान फुटावेत तशी. हलूनकाला स्वतःचीच लाज वाटली. "फोटोत फोटोवाल्याची सावली म्हणजे भरसभेत धोतर सुटल्यासारखं," तो म्हणाला. "कापून टाकतो."

"राहू द्या," बाई म्हणाल्या. "तेवढेच तुम्ही आलात."

तो फोटो स्वयंपाकघरात घड्याळाखाली लागला आणि एकोणीस वर्षं तिथेच राहिला. रोज दिसणारी वस्तू हळूहळू दिसेनाशी होते, तसं त्याचं झालं.

निगेटिव्ह शिकली, परदेशी गेली, तिकडेच तिने लग्न केलं. मग तिला जुळं झालं. नवरा कामानिमित्त आठवड्यातले पाच दिवस बाहेरगावी. फोनवर ती बोलायची कमी आणि जांभया द्यायची जास्त. एक दिवस बोलता बोलता रडलीच. "आई, काका, तुम्ही दोघं इकडे कायमचे या. मला नाही झेपत."

बाई तोवर निवृत्त झालेल्या. हलूनकाकडे लोक फक्त ओळखपत्राच्या फोटोला यायचे, बाकी सगळं ज्याच्या त्याच्या खिशातल्या फोनने काढून घेतलेलं. त्याने त्याच आठवड्यात हंसाचा पडदा उतरवून गुंडाळला. "तिकडे जुळ्यांचे फोटो काढायचे म्हणजे दोघांना एकदम हलू नका म्हणायचं. नवीन विद्या आहे ही," असं तो गल्लीभर सांगत फिरला.

राहिला फक्त व्हिसा.

व्हिसाचा अर्ज हा काय प्रकार असतो हे ज्याने भरला त्यालाच ठाऊक. पानं छत्तीस. गेल्या दहा वर्षांत कुठे राहिलात? याच घरात. त्याआधी? याच घरात. कधी कुठल्या सशस्त्र संघटनेत होतात का? "छापखानेवाल्याची भजनी मंडळी धरायची का?" हलूनकाने विचारलं. बाईंनी पेनाची मागची बाजू त्याच्या बोटांवर मारली. एकतीस वर्षं पोस्टाच्या काउंटरवर काढलेली बाई ती, अर्धवट भरलेला फॉर्म तिच्या डोळ्यांत कुसळासारखा खुपायचा. प्रत्येक कागदाच्या तीन प्रती, प्रत्येक प्रतीला टाचणी, टाचण्या एका रेषेत.

बाईंचा अर्ज सोपा होता. त्या मुलीच्या आई, जन्मदाखला समोर. हलूनकाचा अर्ज बाईंवर टेकलेला. तो मुलीचा कुणी नव्हता, आईचा नवरा होता. म्हणजे आधी नवरा असल्याचं सिद्ध करायचं. नोंदणीचा दाखला जोडला, लग्नाचे फोटो मागितले होते म्हणून सतराच्या सतरा जोडले, मुलीचं पत्र जोडलं.

दोन महिन्यांनी व्हिसा कार्यालयाचं उत्तर आलं. बाईंनी ते स्वयंपाकघरातल्या टेबलावर मोठ्याने वाचलं.

"लग्नाच्या फोटोंत वधूच्या शेजारी अर्जदार नसून वेगळीच व्यक्ती आहे. खुलासा करावा. मुलीने आपल्या पत्रात अर्जदाराचा उल्लेख सर्वत्र काका असा केला आहे. खुलासा करावा. पती-पत्नी एकत्र असल्याचे, निरनिराळ्या वर्षांतले, किमान सहा फोटो सादर करावेत."

हलूनकाने फोन लावला. "अगं निगे, पत्रात काका कशाला लिहिलंस?"

"मग काय लिहू?" पलीकडून एक बाळ रडत होतं, मग दुसरं. "काकाच आहेस ना तू माझा?"

"हो गं, आहेच."

"सगळ्यांना बाबा असतात. काका मला एकटीलाच होता. मी तेच लिहिलं."

हलूनकाने फोन ठेवला आणि बराच वेळ चष्म्याची काच पुसली.

छापखानेवाला धावत आला. "मी जातो त्यांच्या कार्यालयात. सांगतो, मी नवरा नाही म्हणून. शपथेवर सांगतो."

"तू तोंड उघडू नकोस," हलूनका म्हणाला. "तुझ्या तोंडामुळेच झालंय सगळं. सतरा फोटोंत कसला हसतोयस!"

बाईंनी सरळ मार्ग काढला. "गल्लीतल्या दहा जणांचं लेखी घेऊ. शाळेच्या बाई देतील, डॉक्टर देतील. शाळेच्या दाखल्यावर पालक म्हणून तुमच्या सह्या आहेत. सगळं जोडू आणि लिहू, की एकत्र फोटो नाहीत. कारण हे."

"नाहीत असं लिहायचं?" हलूनका खुर्चीतून उठलाच. "त्यांनी लेखी मागितलं असतं तर लेखी दिलं असतं. त्यांनी मागितलाय फोटो. माझ्याकडे! चाळीस वर्षं मी फोटोचा धंदा केला, आणि आता लिहू की माझ्याकडे फोटो नाही? सुताराने सांगावं की बसायला पाट नाही?"

इथे गाडी रुळावरून घसरली. भल्या माणसाचा घात त्याचे दुर्गुण फार क्वचित करतात. बहुतेक वेळा त्याची कला करते.

तीन आठवडे हलूनका स्टुडिओचं दार ओढून आत बसला. स्वतःच्या चेहऱ्याचा त्याच्याकडे तुटवडा नव्हता. दिवे तपासायला तो दर सोमवारी स्वतःचाच एक फोटो काढायचा, कॅमेऱ्याला लांब वायरीचं बटण लावून. लग्नानंतर दोन वर्षांनी घेतलेलं बटण. वर्षानुवर्षांचे सोमवार, त्यात काळ्या मिशीपासून पांढऱ्या मिशीपर्यंतचा एकटा हलूनका. त्यातला एकेक उचलून त्याने बाईंच्या शेजारी नेऊन ठेवला. शाळेच्या पटांगणात, वाढदिवसाच्या टेबलापाशी, तलावाच्या बांधावर. उजेड जुळवला, रंग जुळवले, खांद्यावर खांदा असा बसवला की सख्ख्या आईने फसावं.

सहा फोटो त्याने बाईंसमोर मांडले. "ट्रंकेत तळाशी सापडले."

बाईंनी एकेक फोटो हातात घेतला. बांधावरचा फोटो घेऊन तर त्या खिडकीपाशी गेल्या. त्यात त्यांच्या एका बाजूला निगेटिव्ह, दुसऱ्या बाजूला हलूनका, तिघंही उन्हात डोळे बारीक केलेले.

"खोटे आहेत हे," त्या म्हणाल्या.

"खोटं काय आहे त्यात? मी तिथे नव्हतो का त्या दिवशी? होतोच ना? फक्त चार पावलं सरकवलंय."

"तुमच्याकडे वायरीचं बटण होतं," बाई फोटोकडेच बघत म्हणाल्या. "दर सोमवारी एकट्याचा काढत होतात. मग आपला कधी का नाही काढला हो?"

हलूनकाने डोकं खाजवलं. "सुचलंच नाही. तुम्ही दोघी समोर आलात की चित्र पुरं वाटायचं. त्यात आणखी मी कुठे घुसवू?"

ज्या बाईने एकतीस वर्षांत चुकीच्या तारखेचा एक शिक्का मारला नाही, त्या बाईने ते सहा फोटो पाकिटात घातले, कडेने बोट फिरवून पाकीट बंद केलं. "छान आलेत," एवढंच म्हणाल्या.

मुलाखतीला हलूनकाला एकट्याला बोलावलं. काचेच्या खिडकीपलीकडे एक तरुण अधिकारी बाई, नम्र, आवाजात सर्दी. तिने आधी ट्रंकांतून आणलेले खरे फोटो चाळले.

"यात तुमच्या पत्नी आहेत, मुलगी आहे. तुम्ही कुठे आहात?"

"त्या दोघी ज्याच्याकडे बघतायत ना, तो मी."

खरं तर तिथेच काम झालं असतं. तिने काहीतरी लिहिलंही. पण मग तिने ते सहा फोटो पुढे ओढले. पहिला पाहिला, ठीक. दुसरा, ठीक. चौथ्या फोटोवर, बांधावरच्या, तिचं पेन थबकलं.

"हे तुम्ही?" तिने मिशीवर पेन टेकवलं.

"हो."

"आणि ही सावली कुणाची?"

हलूनकाने काचेला नाक लावून पाहिलं. जमिनीवरून निगेटिव्हच्या बुटांपर्यंत, दोन कोपरं बाहेर काढून, रांजणासारखी ती पडली होती. एकोणीस वर्षं घड्याळाखाली रोज पाहिलेली. इतकी घरातली झालेली की पुसायची राहून गेली. दुसऱ्या कुणाचीही असती तर त्याने पहिल्या दिवशी काढून टाकली असती.

दुसरा माणूस म्हणाला असता, कुणी वाटसरू होता, त्याने काढला. हलूनकाला खोटा फोटो करता आला, खोटं बोलता येईना.

"माझीच," तो म्हणाला.

"आणि हेही तुम्हीच?"

"हो."

"दोन्ही कसे असाल?"

"बाई, सावली खरी आहे," हलूनका म्हणाला. "सावलीकडे बघा. तो माणूस मी घातलाय. पण सावली खरी आहे हो."

तिने बाकीचे पाच फोटो परत उजेडात धरले. मग आधी लिहिलेली ओळ खोडली.

तीन आठवड्यांनी दोन पाकिटं एकदम आली. बाईंनी दोन्ही हातांवर दोन तोलून पाहिली. त्यांचा हात म्हणजे पोस्टाचा काटा. "तुमचं चौदा ग्रॅम जास्त आहे."

"बघा!" हलूनका हरखला. "जड आहे म्हणजे काहीतरी दिलंय."

बाईंच्या पाकिटात फक्त पासपोर्ट होता, आत व्हिसा. तीन महिन्यांत दाखल व्हावे. हलूनकाच्या पाकिटात पासपोर्टबरोबर चार पानी पत्र. बनावट पुरावा सादर केल्यामुळे अर्ज नामंजूर. दहा वर्षं नव्याने अर्ज करता येणार नाही.

"मी जात नाही," बाई म्हणाल्या.

"दोन बाळं आहेत तिकडे."

"म्हणून काय झालं?"

"निगेटिव्ह उभ्याउभ्या झोपते फोनवर. दूध ओट्यावर उतू गेलेलं दिसतं मागे. आईने जायचं नाही तर कुणी?"

"आणि तुम्हाला वेणी कोण घालायला देणार?" बाईंनी विनोद करून पाहिला. दोघांपैकी कुणालाच तो झेपला नाही.

पत्राखाली बारीक अक्षरात लिहिलं होतं की एकदा फेरविचाराची विनंती करता येईल. हलूनका त्याच अक्षरांना धरून राहिला. "तुम्ही पुढे व्हा. मी सहा महिन्यांत येतो. घर तरी नीट लावून ठेवा."

विमानतळावर छापखानेवाला सामान ढकलत आला आणि नको इतका रडला. दुपारचं ऊन काचेतून सरळ येत होतं. बाईंनी बॅग खाली ठेवली, पिशवीतून फोन काढला आणि शेजारून जाणाऱ्या एका पोराच्या हातात दिला.

"आमचा दोघांचा एक काढ रे. या हो इकडे. आज तरी या."

हलूनका गेला. बाईंच्या शेजारी उभा राहिला. उभं कसं राहायचं ते त्याला समजेना, हातांचं काय करायचं ते समजेना. आयुष्यभर लोकांना सांगितलेलं त्याला स्वतःला एक आठवेना. आणि समोर तो पोरगा फोन उजेडाच्या उलट धरून उभा.

"अरे, असा नको! ऊन पाठीमागे घे! डावीकडे हो, अरे डावीकडे, आणि हलू नको..."

पोराने तेवढ्यात बटण दाबलं. फोन परत देऊन तो पळाला, त्याचं विमान होतं. फोटोत हलूनकाचा हात पुढे आलेला, तोंड वासलेलं, आणि तो अख्खा धुरासारखा पुसट, कारण तो हलला होता. बाई मात्र स्पष्ट आल्या होत्या. त्या कॅमेऱ्याकडे बघतच नव्हत्या. हलूनकाकडे बघून हसत होत्या, पेन्शनच्या फोटोतलं ते कोपऱ्यातलं हसू आता सबंध चेहराभर.

हलूनकाने हा फोटो फेरविचाराच्या अर्जाला जोडला. काही न सुधारता, आला तसा. दहा शेजाऱ्यांची पत्रं जोडली, शाळेचे दाखले जोडले, टाचण्या एका रेषेत लावल्या. अकरा महिन्यांनी उत्तर आलं. मूळ निर्णय कायम. जोडलेल्या छायाचित्रातील पुरुषाचा चेहरा ओळखू येत नाही.

बाई दुसऱ्या वर्षी तीन आठवड्यांसाठी येऊन गेल्या. येताना जुळ्यांचे फोटो आणले होते, सगळे तिरके. हलूनकाने एकेकाला नावं ठेवली आणि सगळे भिंतीला लावले. त्या तीन आठवड्यांत वायरीचं बटण शोधून दोघांचा फोटो काढायचं रोज ठरायचं. रोज काहीतरी काम निघायचं. शेवटच्या दिवशी बटण सापडलं तर त्याची वायर उंदराने कुरतडलेली.

मग बाईंचे गुडघे गेले, जुळ्यांची शाळा सुरू झाली, आणि येणं पुढच्या वर्षावर, मग त्याच्या पुढच्या वर्षावर गेलं. रोज संध्याकाळी फोन व्हायचा. बाई पडद्यावर दिसायच्या आणि हलूनका त्यांना सांगायचा, दिव्याखाली बसू नका, डोळ्यांखाली काळं येतं.

सहाव्या वर्षी थंडीत बाई न्यूमोनियाने गेल्या. निगेटिव्हने फोनवरून सगळं दाखवलं. तिचा हात थरथरत होता, त्यामुळे नीट दिसलं नाही. हलूनका तिला हलू नको म्हणाला नाही.

बंदी संपली तेव्हा तो त्र्याहत्तर वर्षांचा होता. छापखानेवाल्याने आपल्या नातवाला संगणकावर बसवून नवा अर्ज उघडायला लावला. तिसऱ्या पानावर लिहिलेलं होतं की पत्नी हयात नसल्यास या प्रकारात अर्ज करता येत नाही.